ओढ्याची चढण आणि माशाची वाट

कोकणातल्या माणसाला 'चढणीचे मासे' म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. मृगाचा पाऊस धो धो कोसळला, वहाळ तांबड्या पाण्याने भरून वाहू लागले, की खालच्या डोहांतले मासे प्रवाहाला तोंड देत वर निघतात. कोणी त्यांना वलगणीचे मासे म्हणतात. वरच्या उथळ, ताज्या पाण्यात अंडी घालावीत आणि वंश वाढवावा, एवढाच त्यांचा हेतू. माणसे मात्र खोईन, टोपली, जाळे घेऊन वाटेवर उभी असतात!

पण वाचकहो, या चढणीलाही मर्यादा आहे. एखादा मासा दीड हात उंचीची उडी मारतो, एखादा खडकाला चिकटून सरपटत वर जातो, आणि एखाद्याला गुडघाभर उंचीचा बांधही जन्माचा आडवा येतो. ओढा कुठे किती चढतो, हे ज्याला कळले त्याला मासा कुठवर जाईल याचा अंदाज बांधता येतो. तेवढेच नव्हे, तर माती कुठे वाहून जाईल, गाळ कुठे साठेल, बांध कुठे टिकेल, हेही सांगता येते. ओढ्याची ही चढण माणूस मोजायला कसा शिकला, आणि आज संगणकाच्या पडद्यावर ती कशी मोजली जाते, त्याची हकीकत आज आपण पाहू.

आधी उतार म्हणजे काय, ते ठरवून घेऊ. शंभर मीटर चालल्यावर ओढ्याचा तळ दोन मीटर खाली गेला, तर उतार दोन टक्के. हिशेब इतका सोपा आहे की चौथीतला मुलगाही तो करील. अवघड आहे ते मोजणे.

आपल्या पूर्वजांना उताराचे ज्ञान नव्हते असे मात्र कोणी समजू नये. खानदेशात पांझरेच्या आणि नाशिककडे मोसम नदीच्या काठी फड पद्धतीचे बंधारे कित्येक शतके चालत आले. नदीत बंधारा घालायचा, त्यातून पाट काढायचा, आणि तो पाट इतक्या बेताच्या उताराने न्यायचा की पाणी वाहिले तर पाहिजे, पण पाटाची माती उकरली जाता कामा नये. उतार जास्त झाला तर पाट खचतो, कमी झाला तर गाळाने भरतो. हे काम करणाऱ्यांजवळ दुर्बीण नव्हती. पाणी सोडून पाहायचे आणि पाण्यालाच विचारायचे, ही त्यांची रीत. ते ज्ञान हातात होते, नजरेत होते. कागदावर मात्र ते उतरले नाही. त्यामुळे एका खोऱ्याचे शहाणपण दुसऱ्या खोऱ्याला सहजी मिळाले नाही.

कागदावरचे मोजमाप इंग्रजी अमदानीत आले. 1802 साली विल्यम लॅम्बटन याने मद्रासजवळ जमिनीवर एक पायारेषा मोजली आणि तिच्यावरून त्रिकोणामागून त्रिकोण जोडीत हिंदुस्थानाची महान त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली. त्याच मोजणीतून पुढे हिमालयातल्या पंधराव्या क्रमांकाच्या शिखराची उंची निघाली. तो हिशेब करणाऱ्यांत बंगालचे राधानाथ सिकदार हे प्रमुख होते. 1856 मध्ये ती उंची 29,002 फूट म्हणून जाहीर झाली आणि शिखराला एव्हरेस्टचे नाव मिळाले. पुढे 1909 मध्ये देशातल्या नऊ बंदरांवरील भरती-ओहोटीच्या नोंदींवरून समुद्राची सरासरी पातळी ठरवण्यात आली. आपल्या रेल्वे स्थानकाच्या पाटीवर समुद्रसपाटीपासून अमुक मीटर उंची असे लिहिलेले असते ना, त्या आकड्याची मुळे अशा मोजणीत आहेत.

शिखरे मोजली गेली, लोहमार्ग आणि कालवे मोजले गेले; पण गावामागचा ओढा कोण मोजणार? त्याच्यासाठी उपयोगी पडली ती समोच्च रेषा. समान उंचीची ठिकाणे जोडणारी ही रेषा. 1774 साली स्कॉटलंडमध्ये शिहॅलियन नावाच्या डोंगराची मोजणी झाली, ती पृथ्वीचे वजन काढण्यासाठी! त्या आकड्यांचा हिशेब करताना चार्ल्स हटन याने सारख्या उंचीचे बिंदू रेषेने जोडले, आणि डोंगराचा आकार कागदावर दिसू लागला. आपल्या भारतीय सर्वेक्षण विभागाच्या पन्नास हजारास एक या प्रमाणाच्या नकाशात अशा रेषा असतात. डोंगराळ मुलखात दोन रेषांमध्ये बहुधा 20 मीटरचे अंतर असते. या नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा अर्धा किलोमीटर. तेव्हा ओढ्याच्या निळ्या रेघेला लागोपाठच्या दोन समोच्च रेषा एक सेंटिमीटर अंतरावर छेदत असतील, तर 500 मीटरमध्ये 20 मीटर, म्हणजे उतार चार टक्के झाला.

गुरुजींनी हा प्रयोग वर्गात जरूर करावा. पण त्यातली मेखही मुलांना दाखवावी. समजा, त्या अर्ध्या किलोमीटरात एका जागी आठ मीटरचा धबधबा आहे. मग उरलेला ओढा अडीच टक्क्यांच्याही आत, अगदी सौम्य वाहतो. नकाशा मात्र सरसकट चार टक्के सांगतो. सरासरीने माणसाची फसगत होते ती अशी.

मोठ्या नद्यांतही हेच दिसते. कृष्णा आणि सावित्री दोघींचा उगम महाबळेश्वरचा; उंची सुमारे 1,300 मीटर. कृष्णा सुमारे 1,400 किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला मिळते. म्हणजे सरासरीने किलोमीटरला एक मीटरही उतार नाही. सावित्री सुमारे शंभर किलोमीटरमध्ये बाणकोटच्या खाडीत पोचते, म्हणजे तिचा सरासरी उतार कृष्णेच्या दहापटीहूनही अधिक. पण सावित्री काही सबंध वाटेवर धावत नाही. तिची बहुतेक उंची सह्याद्रीच्या कड्यावरच संपते. खाली महाडपर्यंत एके काळी भरतीच्या पाण्यावर गलबते येत असत, इतकी ती पुढे संथ होते. कड्यावरचा मासा वेगळा, घाटपायथ्याच्या डोहातला वेगळा आणि खाडीतला वेगळा. एकाच नदीत तीन मुलुख आहेत म्हणा ना!

उतार आणि मासा यांची सोयरीक का जुळते, तेही पाहू. तीव्र उतारावर पाणी वेगाने धावते. बारीक माती, वाळू, गोटे सारे वाहून जाते आणि मोठे धोंडे तेवढे राहतात. धोंड्यांच्या पायऱ्या बनतात आणि पायरीखाली लहान लहान कुंड. उतार कमी झाला की गोटे आणि खडी थांबते. खडीतून स्वच्छ पाणी खेळते आणि तिथे कित्येक मासे अंडी घालतात. उतार आणखी कमी झाला की वाळू आणि मग गाळ. डेव्हिड मॉन्टगोमेरी आणि जॉन बफिंग्टन या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी 1997 साली डोंगरी प्रवाहांची अशी प्रतवारी मांडली. त्यांच्या पाहणीत दीड टक्क्याच्या आत डोह आणि खळाळ आलटून पालटून येतात. तीन ते साडेसहा टक्क्यांच्या दरम्यान पायऱ्या आणि कुंडे दिसतात. त्याहून वर नुसता धोंड्यांवरून कोसळणारा प्रवाह.

त्याही आधी, 1949 च्या सुमारास, बेल्जममधील मार्सेल ह्यूएट यांनी पश्चिम युरोपातल्या नद्यांसाठी एक नियम सांगितला होता. नदीची रुंदी आणि उतार सांगा, तिथे कोणता मासा राहत असेल ते मी सांगतो, असा त्याचा मथितार्थ. वरच्या उतारावर ट्राउट, मग ग्रेलिंग, त्याखाली बार्बेल आणि शेवटी संथ पाण्यात ब्रीम, असे त्यांनी नदीचे चार पट्टे पाडले. यातला बार्बेल हा आपल्या महाशीरच्याच मोठ्या कुळातला.

आपल्याकडचे मासेही शास्त्राच्या वहीत नोंदले गेले ते फार पूर्वी. मुंबई सरकारच्या चाकरीतला विल्यम हेन्री साइक्स हा लष्करी अधिकारी दख्खनभर हिंडला आणि 1839 साली त्याने इथल्या माशांची वर्णने प्रसिद्ध केली. पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या महाशीरला त्याने शास्त्रीय नाव दिले, त्यात स्थानिक शब्दच ठेवला, खुद्री. खडकाला चिकटून राहणाऱ्या एका लहान माशाच्या नावात 'मुल्या' हा इथलाच शब्द त्याने घातला. त्या माशाच्या तोंडाखाली चकतीसारखा अवयव असतो. त्याच्या बळावर तो धावत्या पाण्यात दगड सोडत नाही. म्हणजे पाहा, शास्त्राला नावे पुरवली ती आपल्या नदीकाठच्या माणसांनी.

आता संगणकाकडे वळू. 1960 च्या दशकात कॅनडा सरकारला आपल्या अफाट देशातल्या जमिनीची मोजदाद करायची होती. शेतीला कोणती योग्य, जंगलाला कोणती, वन्य प्राण्यांना कोणती? हाताने नकाशे एकावर एक ठेवून पाहायचे तर माणसांच्या पिढ्या खर्ची पडल्या असत्या. रॉजर टॉमलिन्सन यांनी हे काम संगणकावर करण्याची व्यवस्था उभारली. हीच पहिली भौगोलिक माहिती प्रणाली, म्हणजे आजचे जी.आय.एस. यात नवल ते इतकेच की, नकाशातल्या प्रत्येक जागेला तिची माहिती चिकटवलेली असते. तलाठ्याच्या दप्तरात गटनंबराला सातबारा जोडलेला असतो ना, तसेच म्हणा. फरक एवढा, की इथे मातीचा, पावसाचा, उंचीचा आणि रस्त्याचा असे सगळे उतारे एकमेकांवर ठेवून क्षणात प्रश्न विचारता येतो.

उंचीची माहिती आली आकाशातून. फेब्रुवारी 2000 मध्ये 'एंडेव्हर' या अवकाशयानाने 11 दिवसांच्या फेरीत रडारने पृथ्वीच्या सुमारे 80 टक्के भूभागाची उंची टिपली. त्यासाठी यानातून 60 मीटर लांबीचा दांडा बाहेर काढून त्याच्या टोकाला दुसरी अँटेना बसवली होती. माणूस दोन डोळ्यांनी खोली जोखतो, तीच ही युक्ती. आपल्या देशाने 2005 साली कार्टोसॅट-1 हा उपग्रह सोडला. त्याच्या जोडचित्रांवरून तयार झालेली उंचीची माहिती इस्रोच्या 'भुवन' या संकेतस्थळावर लोकांना उपलब्ध झाली.

ही माहिती बुद्धिबळाच्या पटासारखी असते. जमिनीच्या तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद अशा चौकटी, आणि प्रत्येक चौकटीत एक उंची. संगणक काय करतो? प्रत्येक चौकटीला विचारतो, तुझ्या आठ शेजाऱ्यांपैकी सर्वांत खाली कोण? पाणी तिकडे जाणार. असे घरामागून घर विचारीत गेले की वरून किती चौकटींचे पाणी येते ते कळते. जिथे पुष्कळ पाणी एकवटते तिथे ओढा. ही रीत 1984 साली ओकॅलहन आणि मार्क या दोघांनी मांडली. ओढा सापडला, त्याच्या दोन टोकांची उंची माहीत, मधले अंतर माहीत. उतार आपोआप निघाला. सबंध तालुक्याचे ओढे एका दुपारीत मोजून होतात.

पण थांबा. उंटावरून शेळ्या हाकण्याचा धोका इथेच आहे. रडार पुष्कळदा झाडांचे शेंडे पाहते, जमीन नव्हे. दाट राईत ओढ्याचा तळ आहे त्याहून उंच दिसतो. पूल किंवा भराव आडवा आला की संगणकाला वाटते, इथे धरणच आहे. मग तो खड्डा भरल्याखेरीज पाणी पुढे सरकत नाही. ओढ्याची लहान वळणे चौकटीत मावत नाहीत, म्हणून लांबी कमी भरते आणि उतार फुगतो. आणि चूक केवढी होते, पाहा. लागून असलेल्या दोन चौकटींच्या उंचीत फक्त तीन मीटरची चूक झाली, तर तीस मीटरवर ती दहा टक्के उतार दाखवते! तीच चूक सहाशे मीटरच्या पल्ल्यावर अर्ध्या टक्क्याची उरते. म्हणून जाणता माणूस लांब पल्ला धरतो, उंचीचे चढउतार सारखे करून घेतो, आणि शंका आली की पायताण घालून ओढ्यावर जातो. विमानातून लेसर किरण सोडून मोजणी केली तर काही किरण पानांच्या फटींतून जमिनीपर्यंत पोचतात आणि मीटरभराच्या चौकटीची उंची मिळते. पण ती मोजणी महाग पडते.

ही चूक नुसती गणिताची नव्हे. तिच्यामुळे माणसांचे हक्कही बुडू शकतात. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर वॉशिंग्टन नावाचे राज्य आहे. तिथला सामन मासा समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला जन्माच्या ओढ्यात परततो. 1854 आणि 1855 मध्ये तिथल्या मूळ रहिवाशांनी करार करून जमिनी दिल्या, पण मासेमारीचा हक्क राखून ठेवला. पुढे तो हक्क पायदळी तुडवला गेला. 1974 साली न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी निकाल दिला की, पकडण्याजोग्या माशांत निम्मा वाटा त्या जमातींचा आहे. निकाल मिळाला, पण मासाच उरला नाही तर वाटा कशाचा? रस्ते बांधताना ओढ्यांवर नळाच्या मोऱ्या घातल्या होत्या. नळ ओढ्यापेक्षा अरुंद, म्हणून आतले पाणी बंदुकीच्या गोळीसारखे सुटते. ते खालची माती उकरते आणि नळाचे तोंड अधांतरी लोंबते. सामन तिथवर येतो, डोके आपटतो आणि परततो. त्याच्या वर मैलोगणती उत्तम ओढा रिकामा पडतो. 2001 साली जमातींनी पुन्हा दाद मागितली. 2013 मध्ये न्यायालयाने राज्याला मोऱ्या दुरुस्त करण्याचा आदेश दिला, आणि 2018 साली सर्वोच्च न्यायालयात मते चार विरुद्ध चार पडल्यामुळे तो आदेश कायम राहिला.

आता यात उताराचा संबंध काय? कोणत्या मोरीच्या वर किती माशाजोगा ओढा आहे, हे ठरवायला उतार लागतो. त्या राज्याच्या जंगलविषयक नियमांत पश्चिम भागातला दोन फूट किंवा अधिक रुंदीचा आणि 16 टक्क्यांपर्यंत उताराचा प्रवाह माशांचा असू शकतो, असे धरण्यात आले. माशांचा ओढा ठरला की काठची झाडे तोडण्यावर बंधने येतात. म्हणजे संगणकाने 15 ऐवजी 17 लिहिले तर ओढ्याचे संरक्षण धोक्यात येते. उलट चूक झाली तर जमीनमालकाला विनाकारण जाच होतो. म्हणून प्रत्यक्ष ओढ्यावरच्या पाहणीने नकाशा दुरुस्त करण्याची वाटही ठेवावी लागली.

शेजारच्या ऑरेगन राज्यात केली बर्नेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 साली असाच एक अभ्यास प्रसिद्ध केला. उतार, पाण्याचे प्रमाण आणि दरीची रुंदी यांवरून त्यांनी ओढ्यांची मूळची योग्यता ठरवली. कोहो नावाच्या सामनला सौम्य उताराचे, रुंद दरीतले ओढे मानवतात. असे उत्तम ओढे निघाले ते मुख्यतः खासगी जमिनींत, खालच्या सपाटीवर. उंच डोंगरातले सरकारी जंगल राखून कोहो वाचणार नव्हता.

शेतकरी बंधुभगिनींनो, हा धडा आपल्यालाही लागू आहे. सौम्य उताराचा ओढा आपल्या शेतांमधूनच वाहतो. 1972 च्या दुष्काळानंतर महाराष्ट्राने पाणलोटाचे काम मनावर घेतले. 'पाणी अडवा, पाणी जिरवा' हे घोषवाक्य भिंतीभिंतीवर झळकले. 'माथा ते पायथा' हा त्याचा कणा. तीव्र उतारावर चर आणि अनघड दगडांचे लहान बांध, खाली सौम्य उतारावर मातीचे आणि सिमेंटचे नाला बांध. 1988 साली नागपूरला स्थापन झालेल्या महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राने उपग्रहांच्या चित्रांवरून नकाशे पुरवले. उताराच्या नकाशावरून बांधाची जागा ठरू लागली, हे चांगलेच झाले. बांधाने विहिरींना पाणी आले, हंडे घेऊन वणवण करणाऱ्या बायांचे हाल कमी झाले. त्याचे मोल कोणी कमी लेखू नये.

मात्र ज्या नकाशावर बांध दिसतो, त्याच नकाशावर माशाची वाटही पाहता येते, आणि तसे विचारणे आपल्या हाती आहे. महाड तालुक्यात काळ नदीवर वाळण कोंड आहे. तिथले महाशीर देवाचे मानून लोकांनी पिढ्यान् पिढ्या राखले. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटा वीज कंपनीने 1970 च्या दशकात महाशीरची पिल्ले वाढवण्याचे काम सुरू केले. डोह राखला, पिल्ले सोडली, पण वर जाण्याची वाट बंद असेल तर ते काम अर्धेच राहते. परदेशी आकडे मात्र आपल्या माशांना जसेच्या तसे लावू नयेत. सामनची उडी वेगळी, आपल्या मळ्या-खडसाची वेगळी.

उपाय फार खर्चाचे नाहीत. मोरीचा नळ ओढ्याच्या तळापेक्षा थोडा खाली पुरावा, म्हणजे त्यात गोटे साठून तळ सलग राहतो. एका उंच बांधाऐवजी जिथे जमेल तिथे लहान लहान पायऱ्या कराव्यात. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बर्गे पावसाळ्यापूर्वी काढायचे असतात. ते वेळेवर काढले तर पूरही सुरक्षित जातो आणि चढणीचा मासाही. जिथे बंधारा अटळ आहे, तिथे निदान ज्या उपओढ्याला वरपर्यंत वाट आहे तो मोकळा ठेवावा.

आणि गुरुजी, आपल्यासाठी एक काम. दिवाळीनंतर, पाणी ओसरल्यावर, मुलांना ओढ्यावर न्या. गवंडी वापरतो ती पारदर्शक नळी घ्या, पाणी भरा, आत बुडबुडा राहू देऊ नका. दोन काठ्यांवर सेंटिमीटरच्या खुणा करा. एक काठी वर, दुसरी दहा मीटर खाली, दोन्ही पाण्याच्या कडेला टेकवा. नळीतले पाणी दोन्हीकडे एका पातळीत उभे राहते. दोन खुणांतला फरक म्हणजे ओढ्याची उतरण. असे दहा वेळा करून फरकांची बेरीज करा. शंभर मीटरमध्ये 230 सेंटिमीटर भरले तर उतार 2.3 टक्के. मग तोच आकडा नकाशावरून काढा आणि दोन्ही शेजारी शेजारी लिहा. गावातल्या जुन्या मासेमाराला विचारून तिसरा रकाना भरा: चढणीचा मासा पूर्वी कुठवर जात असे, आणि आता कुठे अडतो.

ही तीन रकान्यांची वही ग्रामसभेत ठेवा. पाणलोटाचा आराखडा घेऊन साहेब येतील तेव्हा ती त्यांच्यासमोर उघडा. त्यांच्या नकाशात सबंध खोरे आहे, तुमच्या वहीत तो एक ओढा आहे. बांधाची आणि मोरीची जागा दोन्ही पाहूनच ठरवायचा आग्रह धरा.